चौथी प्रतिज्ञा



वैशाख लागला की आमच्या खांद्यावरची पिशवी खाली उतरत नाही. पिशवीत काय असते? पांढरा सदरा, तथागतांची आणि बाबासाहेबांची एकेक लहान तसबीर, मेणबत्त्यांचे पाकीट, अगरबत्तीचा पुडा, पूजापाठाचे पुस्तक, पाण्याची बाटली आणि एक कांदा. कांदा कशाला म्हणाल, तर ती आईने लावलेली सवय. उन्हात जाताना खिशात कांदा ठेव, ऊन बाधत नाही, असे ती म्हणायची. बुद्धीला पटणारे कारण विचाराल तर आम्हाला देता येणार नाही. बौद्धाचार्याने असले काही जवळ बाळगावे का, असा प्रश्न आमच्या धाकट्या मुलीने विचारून झाला आहे. तिला आम्ही सांगितले, "बाळ, हा धम्म नाही, ही तुझी आजी आहे."

तर उन्हाळा म्हणजे लग्नसराई. मुहूर्त आपण मानत नाही, मग सगळी लग्ने वैशाखातच का, असे पुष्कळ जण विचारतात. कारण साधे आहे. मुलांच्या शाळांना सुट्टी असते, मुंबईकराला रजा मिळते, गावी शेत मोकळे असते आणि पावसाची भीती नसते. आपला मुहूर्त म्हणजे कामगाराची रजा. यात लाजण्यासारखे काही नाही. उलट कामगाराला वेळच्या वेळी रजा द्यावी, हे तर भगवंतांनी मालकाच्या कर्तव्यात सांगितले आहे. त्याबद्दल पुढे येतेच.

गंमत अशी की मुहूर्त मानत नाही म्हणायचे आणि पत्रिकेवर छापायचे 'दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी'. ही सदतीस मिनिटे कोठून आली ते छापणाऱ्यालाच ठाऊक! आम्ही मात्र बाराच्या ठोक्याला मंडपात हजर असतो. नवरदेव असतो रस्त्यावर, डीजेच्या गाडीमागे. डांबर तापलेले, पोरे अनवाणी नाचताहेत, म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीला टेकलेल्या. अडीच वाजता वरात मंडपाच्या दारात येते. एकदा तर नवऱ्या मुलाच्या आजीला भोवळ आली. लिंबू, मीठ आणि साखर घालून पाणी पाजले, पंख्याखाली निजवले, मग त्रिशरण-पंचशील सुरू केले. आजीबाई शुद्धीवर आल्यावर पहिले काय म्हणाल्या? "नाच झाला का रे पोरांचा?"

हसून सोडण्यासारखे हे सोडून देऊ. आज सांगायचे आहे ते दुसरेच, आणि ते आमच्या घरचे आहे. दुसऱ्याच्या घरचे सांगणे सोपे असते. स्वतःचे सांगायला आम्हाला एक वर्ष लागले.

आधी थोडे सुत्ताबद्दल बोलू, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. मंगल परिणयात वर आणि वधू ज्या प्रतिज्ञा घेतात त्या कोठून आल्या, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांचे मूळ दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहात सिगाल नावाचा एक गृहस्थाचा मुलगा होता. रोज पहाटे न्हाऊन, ओल्या कपड्यांनी आणि ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडायचा. भगवंत भिक्षेला निघाले होते. त्यांनी विचारले, हे काय करतोस? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करतो. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. त्यांनी सांगितले की दिशांना नमस्कार अशा रीतीने होत नाही. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे गुरुजन. पश्चिम म्हणजे बायको-मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती. खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. वरची दिशा म्हणजे श्रमण आणि सत्पुरुष. या सहा जणांशी नीट वागणे हाच दिशांना नमस्कार.

आणि नीट वागणे म्हणजे काय, तेही मोजून सांगितले. मालकाने कामगाराशी पाच प्रकारे वागावे: ताकद पाहून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे आहे. आमच्या कारखान्याच्या दारावर लावावे असे आम्हाला पुष्कळदा वाटले आहे.

पत्नीशी नवऱ्याने कसे वागावे, तेही पाच बाबींत सांगितले. तिचा सन्मान करावा. तिचा अपमान करू नये. तिच्याशी एकनिष्ठ राहावे. घरातली सत्ता तिच्या हाती सोपवावी. तिला वस्त्रे-अलंकार द्यावेत. पत्नीची कर्तव्येही पाचच: घरकाम नेटके करावे, नातेवाइकांना आपुलकीने सांभाळावे, एकनिष्ठ राहावे, मिळकत जपावी आणि कामात आळस करू नये. लग्नात म्हणायच्या प्रतिज्ञांचे शब्द ठिकठिकाणी थोडे वेगळे असतात, पण गाभा हाच.

यातली चौथी बाब पाहा. पाली शब्द आहे 'इस्सरियवोस्सग्ग'. इस्सरिय म्हणजे सत्ता, वोस्सग्ग म्हणजे सोडून देणे, हवाली करणे. आम्ही गेली सव्वीस वर्षे नवऱ्या मुलांकडून ही प्रतिज्ञा वदवून घेत आलो आहोत. मुलगा घामाघूम झालेला असतो, गळ्यात हार, समोर व्हिडिओवाला. आम्ही एक शब्द म्हणतो, तो एक शब्द म्हणतो. टाळ्या पडतात. जयमंगल अष्टगाथा होते, फुलांच्या पाकळ्या उधळल्या जातात, आणि चौथी प्रतिज्ञा बाकीच्या पाकळ्यांबरोबर सतरंजीखाली जाते.

आता आमच्या घरची गोष्ट.

गेल्या वर्षी चैत्रात गावाहून दादांचा फोन आला. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. गाव मंडणगड तालुक्यात. म्हणाले, "पोराचं लगीन ठरलं. तुझ्या पुतण्याचं. पाचशे माणूस जेवलं पायजे, डीजे आणायचा, मोठा मंडप घालायचा. तुझी मदत लागंल." आम्ही विचारले, किती? दादा म्हणाले, "तू काय कमी करणार हायस?" आणि आमच्या तोंडून निघून गेले, "दादा, ऐंशी हजारांचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

वाचकहो, दादांना नाही म्हणणे आम्हाला शक्यच नव्हते. वडील गेले तेव्हा आम्ही आठवीत होतो. दादांनी सातवीतच शाळा सोडली होती. आमच्या दहावीच्या वेळी फीला आणि पुस्तकांना पैसे नव्हते, तेव्हा दादांनी घरातली दुभती शेळी विकली होती. ती शेळी दादा बाजाराला नेत असताना आम्ही ओट्यावर बसून पाहत होतो. त्या दिवसापासून दादांचा शब्द आमच्यासाठी वडिलांचा शब्द.

फोन ठेवला आणि कारखान्यात पाळीवर गेलो. घरी कुणाला काही बोललो नाही. मनात म्हटले, वेळ येईल तेव्हा सांगू.

पुढच्या रविवारी उपनगरातच एक लग्न होते. मुलगी आयुष्मतींच्या ओळखीची, म्हणून त्याही आमच्याबरोबर आल्या. (पत्रिकेत सौ. लिहू नका, आयुष्मती लिहा, असे आम्ही लोकांना सांगतो. तेव्हा निदान या सदरात तरी आमच्या घरच्यांना आयुष्मतीच म्हणायला हवे.) लग्न छान लागले. नवऱ्या मुलाचा आवाज खणखणीत होता. घरी आलो, पिशवी खुंटीला टांगली, पाणी प्यालो. आयुष्मती मशीनवर बसल्या होत्या. साड्यांना फॉल-पिको करण्याचे काम त्या घरी बसून करतात. मशीन थांबवून त्या म्हणाल्या,

"आज त्या पोराकडून चौथं काय म्हणवून घेतलंत?"

आम्ही म्हटले, "घरातली सत्ता पत्नीच्या हाती सोपवीन."

"बरं," त्या म्हणाल्या. मशीन पुन्हा चालू झाली. थोड्या वेळाने परत थांबली. "गावाहून वहिनींचा फोन आला होता. भावोजींनी ऐंशी हजारांचं बोललंय म्हणून बिचारी खुशीत होती. मी म्हटलं, हो का?"

आम्ही गप्प.

त्या उठल्या. ट्रंकेतून पतपेढीचे पुस्तक काढले आणि आमच्यासमोर लादीवर ठेवले. पुस्तक त्यांच्या नावाचे. आत अकरा वर्षांच्या नोंदी. कधी पाचशे, कधी हजार, दिवाळीच्या महिन्यात दोन हजार, पावसाळ्यात काहीच नाही, कारण पावसात साड्यांचे काम येत नाही. एकूण एक लाख चौदा हजार. आमच्या पगारात घरभाडे, किराणा, थोरल्याचे शिक्षण आणि आमचे येणे-जाणे भागत आले. शिल्लक म्हणावी अशी घरात तीच एक. आणि ती कशासाठी होती, हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. धाकटीने बारावीची परीक्षा दिली होती, निकाल यायचा होता. तिला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे होते. शिष्यवृत्ती मिळते, पण ती मागाहून येते. प्रवेश, वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांचे पैसे आधी मोजावे लागतात.

आम्ही म्हटले, "दादांनी माझ्यासाठी शेळी विकली होती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. दादांचं ऋण मी नाकारत नाही. पण दादांनी शेळी विकली ती तुमच्या शिक्षणासाठी. डीजेसाठी नाही विकली."

यावर बोलायला आमच्याकडे शब्द नव्हता. सव्वीस वर्षे लोकांसमोर बोलणारा माणूस त्या रात्री आपल्याच घरात मुका झाला. धाकटी आत अभ्यासाच्या टेबलाशी पाठमोरी बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागले.

रात्री झोप येईना. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतो आहे. उठून दिवा लावला आणि तेच सुत्त पुन्हा काढले. त्यात भगवंतांनी संसाराचा पैसा कसा वापरावा तेही सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग खर्चावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. संपत्ती गळून जाण्याच्या सहा वाटाही सांगितल्या आहेत. त्यांत दारू आहे, जुगार आहे, आणि नाच-तमाशांच्या मागे लागणेही आहे. हे सगळे आम्हाला पाठ होते. इतरांना शंभरदा सांगितले होते. पण कारभाराची सत्ता सोपवणे म्हणजे काय, हे कळायला त्या रात्री पतपेढीचे पुस्तक समोर यावे लागले. आम्ही आयुष्मतींच्या हाती दर महिन्याला पगार देत होतो, म्हणजे सत्ता दिली असे समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही त्यांना हिशेब ठेवायला दिला होता. निर्णय आमच्याकडेच होता. हिशेब सांभाळणे वेगळे आणि सत्ता वेगळी.

बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. बाईला मालमत्तेत हक्क मिळावा, यासाठी त्या महापुरुषाने एवढे पद सोडले. आणि त्यांचा फोटो पिशवीत घेऊन फिरणारे आम्ही, बायकोची शिलाईची कमाई तिला न विचारता देऊन मोकळे झालो होतो.

सकाळी आम्ही आयुष्मतींना म्हटले, "मी गावी जातो. शब्द मागे घेतो."

त्या म्हणाल्या, "मागे घेऊ नका. दादांना बसून सगळं खरं सांगा. काय द्यायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. मी पण येते."

महाडवरून जाणारी रात्रीची एस.टी. पकडली. पहाटे महाडला गाडी थांबली. आजूबाजूचे सगळे झोपलेले. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या रस्त्याने आम्ही किती वेळा गेलो असू, पण त्या पहाटे वाटले, त्या पाण्यासाठी उन्हातान्हात चालत आलेली आपली माणसे धीराची होती. आम्हाला एका भावापुढे खरे बोलायचे तर पोटात गोळा आला होता.

गावी पोचलो. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मे महिन्यात आमच्या बौद्धवाडीची विहीर तळ गाठते. बायका रात्री दोन वाजता उठून झऱ्याशी नंबर लावतात. वाटीने पाणी उपसून हंडा भरायचा, मग पुढची बाई. आम्ही गेलो तेव्हा वहिनी नुकत्याच विहिरीवरून आल्या होत्या. रात्रभरच्या जागरणात तीन हंडे.

जेवणे झाली. आम्ही दादांसमोर बसलो आणि जे घडले ते सांगितले. पैसे कुणाचे, कशासाठी साठवले, आम्ही न विचारता कसा शब्द दिला, काही लपवले नाही. शेवटी म्हटले, "दादा, लग्न साधं करू. बाबासाहेबांचं लग्न कुठं लागलं होतं?"

दादांचा चेहरा बदलला. "भायखळ्याच्या बाजारात," ते म्हणाले. "मासळीवाल्या उठून गेल्यावर, रात्री. मला काय शिकवतोस? तुझ्या आधी मी ते ऐकलंय. पण तवा आपल्याकडं दुसरी जागा नव्हती. आपल्या बापाच्या लग्नाची वरात वरच्या वाडीवरून जाऊ दिली नव्हती, हे तुला कुणी सांगितलं का? खालच्या पाणंदीनं गेली, वाजप बंद करून. आता मी वाजवीत नेणार. आता तरी मिरवू नये का आम्ही?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. आजही देता येत नाही. डीजेवर आम्ही नेहमी बोलतो, लिहितो. पण ज्याच्या बापाला वाजप बंद करून जावे लागले त्याला वाजवावेसे वाटते, यात त्याचा दोष काय? आम्ही खाली मान घालून बसलो.

तेव्हा आतून वहिनी बोलल्या. उंबऱ्याआड उभ्या होत्या. तीस वर्षांत दादांसमोर त्यांना अशा आवाजात बोलताना आम्ही ऐकले नव्हते.

"पाचशे माणसांना पाणी कुठलं आणणार?"

दादा म्हणाले, "टँकर सांगितलाय."

"टँकर सांगितलाय. तो हितवर येतो का? रस्त्यावर उभा राहणार. तितनं हंडे कोण आणणार? आमी आणणार. लगीन माज्या पोराचं. मला कुणी इचारलं, की बाई तुला काय झेपंल? नाच तुमी करा. पाणी आमी वाहू."

कुणीच काही बोलले नाही. आयुष्मती उठल्या आणि वहिनींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दादा काही वेळ बसून राहिले, मग उठून काजूच्या झाडाखाली जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

त्या रात्री दोघी जावा विहिरीवर गेल्या. हंड्यांचा नंबर येईपर्यंत तेथे काय बोलणे झाले, ते आम्हाला ठाऊक नाही. सकाळी आयुष्मतींनी पिशवीतून पाकीट काढले. त्यात पंधरा हजार होते. ते त्यांनी दादांच्या हाती दिले नाहीत, वहिनींच्या हाती दिले. म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल तसं खर्च करा."

लग्न ठरल्या तारखेला झाले. बौद्धवाडीच्या विहारात आणि पुढच्या अंगणात. सकाळी नऊ वाजता, ऊन चढायच्या आधी. दोनशे माणसे होती. डाळ, भात, फणसाची भाजी आणि बुंदी. पाणी वाडीतल्या तरुण पोरांनी वाहिले. ही अट वहिनींची होती. पोरांनी आधी कुरकुर केली, मग पैज लावून हंडे आणले. डीजे नव्हता. पण वरात निघाली. गावातलाच ढोल-ताशा, आणि ती वरच्या वाडीवरून गेली. दादा सर्वांच्या पुढे होते, पांढऱ्या सदऱ्यात, ताठ मानेने. एवढा मान त्यांनी घेतला आणि तो त्यांचा हक्कच होता. मुलीच्या वडिलांनी नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही साधं करताय म्हटल्यावर आम्ही सावकाराकडं जायचं टाळलं."

लग्न आम्हीच लावले. चौथ्या प्रतिज्ञेपाशी आमचा आवाज अडला. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही पुन्हा शब्द उच्चारला, त्यानेही उच्चारला. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसले. ऊन होते म्हणून असेल.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. दादा लग्नात आमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा 'ये' असेही म्हणाले नाहीत. पुढे वर्षभर फोन नाही. भावकीत कुणी कुणी म्हणाले, मुंबईला गेला आणि बायकोच्या मुठीत गेला. आम्ही ऐकून घेतले. तथागतांनी सांगितलेली सत्ता सोपवली तर तिला लोक मूठ म्हणतात, हे आम्हाला त्या वर्षी कळले.

धाकटी पास झाली. प्रवेश मिळाला. पतपेढीचे पुस्तक आता जवळजवळ रिकामे आहे, आणि ते रिकामे पाहून आयुष्मतींच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते भरलेले असताना कधी दिसले नव्हते.

त्या उन्हाळ्यापासून आम्ही लग्न लावण्याची आमची रीत थोडी बदलली आहे. लग्न ठरले की महिनाभर आधी दोन्हीकडच्या मंडळींना भेटायला जातो. आणि दोन्हीकडच्या आयांना बाहेर बोलावून समोर बसवतो. खर्चाचा आकडा त्यांच्यासमोर बोलला जावा, एवढाच आग्रह धरतो. पुरुष मंडळींना पहिल्यांदा अवघडल्यासारखे होते. पण एकदा आई बोलायला लागली की अर्धा खर्च आपोआप कमी होतो, असा आमचा अनुभव आहे. पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार, कर्ज फेडताना कुणाचे दागिने जाणार, हे तिला आधीच दिसत असते. तिला कुणी विचारलेले नसते, इतकेच.

नवरदेवालाही आदल्या दिवशी बाजूला घेऊन चौथ्या प्रतिज्ञेचा अर्थ त्याच्या भाषेत सांगायला लावतो. एक मुलगा रिक्षा चालवतो. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे मी कुणाला पैशाचा शब्द देण्याआधी तिला फोन करायचा." आम्ही म्हटले, बाबा रे, आम्हाला हे समजायला सव्वीस वर्षे लागली.

येत्या २७ मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन आहे. त्या १९३५ साली याच दिवशी, भर उन्हाळ्यात गेल्या. त्यांचे माहेर वणंद, आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातले. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा तुटपुंज्या पैशांत तो संसार त्यांनी ओढला. बाबासाहेबांनी ते ओळखले होते. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला. आपण २७ मेला फोटोला हार घालतो, आणि तो घालावाच. पण त्या दिवशी घरी एक काम आणखी करावे, अशी आमची नम्र विनंती आहे. घरातले जे काही पुस्तक असेल, बँकेचे, पतपेढीचे, भिशीची वही, ते जेवणानंतर मधे ठेवावे आणि सगळ्यांनी मिळून पाहावे. मुलींनाही जवळ बसवावे. अर्धा तास पुरे.

शेवटी एवढेच सांगतो. या चैत्रात धाकटीला चार दिवसांची रजा मिळाली, तर ती म्हणाली, मी गावी काकूकडे जाते. आम्हाला धाकधूक होती. परत आली तेव्हा आम्ही विचारले, काका काही बोलले का? ती म्हणाली, "तुमच्याबद्दल काही नाही बोलले. पण रोज सकाळी बाही वर करून माझ्यासमोर येऊन बसायचे. म्हणायचे, बघ गं, माझं प्रेशर किती आहे. आणि वाडीतल्या चार म्हाताऱ्यांनाही धरून आणलं, माझी पुतणी नर्स होणार म्हणून."

आम्ही पिशवी उचलली आणि लग्नाला निघालो. आयुष्मतींनी कांदा आठवणीने आत ठेवला होता.

भवतु सब्ब मंगलं.